बसायचं निमित्त

"आ करा, शालनताई. अजून. अजून जरा."

आरोग्य केंद्राच्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी मान मागे टाकून बसले होते. समोर मुल्लासिस्टर. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या, नुसते डोळे दिसत होते, तेही काचेआडून. हातात कापूस लावलेली लांब काडी. गेले पाच महिने गावातल्या बायाबापड्यांना समजावून, दटावून त्या खुर्चीवर मीच आणून बसवत होते. "काही होत न्हाई मावशी, नुसतं आ करायचं." आज खुर्ची माझ्या वाट्याला आली होती.

काडी आत गेली, बाहेर आली. सिस्टरनी ती नळीत घालून झाकण लावलं. मी तोंड मिटणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा." आणि त्यांनी बॅटरी लावली. उजेड घशावर नव्हताच. खालच्या ओठाच्या आत, डाव्या गालाकडे होता.

"हे पांढरं कधीपासून?"

"कुठलं पांढरं?"

"मिश्री लावता?"

"छ्या! मी आशा सेविका हाय सिस्टर. मी कशाला लावीन?"

त्यांनी बॅटरी विझवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शालनताई, मास्क काढलाय तुम्ही."

मी झटक्यानं तोंडावर हात धरला. दातांच्या फटींतून ती काळी रेघ बसलेली असते, ती मला काय ठाऊक नव्हती? पाच महिन्यांत मास्कची इतकी सवय झाली होती की आपल्याला तोंड आहे हेच मी विसरले होते. पूर्वी मिश्री दोनदा लागायची, सकाळी आणि दुपारची भांडी झाल्यावर. मास्क आला आणि दिवसभर चालू झाली. या दारात ताप मोजायचा, त्या दारात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा, आणि दोन दारांच्या मध्ये गल्लीत वळून मास्क जरा वर करायचा, चिमूट दाबायची. कोण बघतंय? लोक तर दारं लावून बसलेले. दिवसातून आठ वेळा, नऊ वेळा. मी मोजत नव्हते.

"आजपासून बंद," सिस्टर म्हणाल्या. "पांढरं आहे, ते आपोआप कमी होतं कधीकधी. नाही झालं तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको."

"न्हाई, नको."

"आणि ऐका. तलफ आली की वाटतं आता जीव जातो. जात नाही. दहा मिनिटं ती टिकते, मग मागं सरते. नुसती दहा मिनिटं काढायची. निकाल चांगला आला तर बरंच, नाही आला तर चौदा दिवस तुम्हाला कोंडणारच आहेत. त्याचा उपयोग करा."

निकाल चांगला आला नाही.

गाडी दारात आली तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनाही चौदा दिवस घराबाहेर पडायची बंदी झाली होती. दारावर तसा कागद मीच माझ्या हातानं चिकटवला. गावात चाळीस घरांवर चिकटवले होते, त्यातला एक उरला होता तो आमच्या कामी आला. मालक ट्रक घेऊन गुजरातेत अडकलेले. मूलबाळ नाही. घरात म्हातारी एकटी आणि शाळेतल्या विलगीकरणात मी एकटी, असा हिशोब झाला.

पिशवी भरताना मी कमरेची डबी काढली. पूर्वी कसल्याशा मलमाची होती ती, पत्र्याची, निळ्या झाकणाची. विकतच्या तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र तरी असतं. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीच्या डबीवर काय छापलेलं असणार? डबी दिव्याच्या देवळीत ठेवली आणि मागे न बघता गाडीत बसले.

"शालन!" आत्यांनी आतून हाक मारली. "समदं घेतलंस न्हवं?"

"समदं घेतलं."

शाळेत तिसरीचा वर्ग मला मिळाला. त्या आठवड्यात बायकांत मी एकलीच होते. बाकं एका भिंतीला रचलेली, मध्ये एक खाट, खिडकीत एक तांब्या. फळ्यावर मार्च महिन्यातली तारीख तशीच राहिली होती, आणि खाली कुणा पोरानं काढलेलं एक घर, त्याच्या धुराड्यातून निघालेला धूर. बाहेर फाटकाशेजारी पिवळ्या पाटीवर लिहिलेलं: आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा. ती पाटी उभी करायला गेल्या साली मीच नारळ फोडला होता. तोंडात चिमूट होती तेव्हा.

पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की कुणी उखळात घालून कांडतंय. पोट दगड झालं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ते कधी हललेलंच नव्हतं. हात आपोआप कमरेकडे जायचा, रिकामा परत यायचा, पुन्हा जायचा. कधी खाली बसून मी फळ्यावरच्या त्या घराची खिडकी मोजायची. एकच होती, तरी पुन्हापुन्हा मोजायची. दहा मिनिटं. मग आणखी दहा मिनिटं. मालकांचा फोन आला तर त्यांच्यावरही खेकसले.

"अगं ताप हाय का विचारलं फकस्त!"

"न्हाई ताप! हजारदा सांगू का?"

"बरं बाई. जीव खा तू. पन जिवंत ऱ्हा."

तिसऱ्या दिवशी वास गेला. सकाळी तोंड धुताना साबण हुंगला तर काही नाही. दप्तरासारखा, खडूसारखा, ओल्या पोत्यासारखा जो शाळेचा वास दोन दिवस नाकात बसला होता, तोही गेला. दारात जाऊन "वास येतोय का मावशी?" असं मी शेकड्यानं विचारलं असेल. वास न येणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा कळलं. जग काचेपलीकडे जाऊन बसतं.

जेवण तातोबामामा आणायचे. तातोबा गावचे कोतवाल. साठी उलटलेले, अंगात खाकी सदरा, तोंडावर उपरणं, आणि त्या उपरण्यातूनही गावाच्या बातम्या गळायच्या. घरून आत्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेला डबा उचलायचा, शाळेच्या भिंतीवर ठेवायचा, वीस पावलं मागे जायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची, असा त्यांचा नेम.

चौथ्या दिवशी मात्र डबा ठेवल्यावर ते नेहमीसारखे लगेच मागे गेले नाहीत. जरा घुटमळले.

"वैनी, खालच्या गाठीत काय हाय ते मला ठावं न्हाई बरं का. म्हातारीनं सांगितलंय, हात लावायचा न्हाई."

"काय म्हनल्या आत्या?"

"म्हनल्या, पोर देवळीत इसरून गेली. तिकडं तिचा जीव कासावीस झाला आसंल." तातोबांनी इकडंतिकडं बघितलं. "गावात तंबाखूचं पान मिळंना वैनी. दुकानं समदी बंद. म्हातारीपाशी एकच जुडी उरलेली, ती काल भाजली. आर्धी तुमाला, आर्धी तिला. वास कसला सुटला होता म्हनता! माजीच नियत फिरली."

भाकरीच्या खाली, फडक्याच्या गाठीत, निळ्या झाकणाची माझी डबी होती. काठोकाठ भरलेली.

वर्गाच्या पायरीवर जाऊन बसले. झाकण उघडलं आणि नाकाशी धरलं. वास नाही. काळीभोर, बारीक, वस्त्रगाळ. तवा चुलीवर, आत्या उकिडव्या बसलेल्या, पदर नाकाला, पान करपून चुरचुर वाजतंय, हे सगळं मला दिसत होतं, वास तेवढा नव्हता. तरीही तोंडाला पाणी सुटलं. डाव्या तळहातावर चिमूट घेतली.

ही चिमूट माझ्या हातावर पहिल्यांदा कुणी ठेवली, ते सांगते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दिवस भरले, आणि मुलगी झाली ती रडलीच नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे आपापल्या कामाला लागले होते. गोठा, पाणी, चूल. मला कुणी काम सांगत नव्हतं आणि कुणी बसही म्हणत नव्हतं. मी दारात नुसती उभी. दूध आलेलं, चोळी भिजलेली. आत्या उंबऱ्यावर मिश्री लावत होत्या. तशा त्या बोलायला फार कडक. लग्न झाल्यापासून माझ्याशी धड चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. मिश्रीचं बोट तोंडात, त्यामुळे तेव्हाही बोलल्या नाहीत. नुसतं माझं मनगट धरून खाली ओढलं, शेजारी बसवलं, आणि तळहातावर चिमूट ठेवली.

मला गरगरलं. ओकारी आली. पण मी उठले नाही. घरातून चुलत सासऱ्यांनी हाक मारली, "शालन, पानी भरलं का?" तर आत्यांनी तोंड न उघडताच मागे हात करून त्यांना गप्प केलं. आणि मग त्या गुणगुणायला लागल्या. ओठ बंद, बोट दातांवर फिरतंय, आणि घशातून एक ओवीची चाल. नुसती चाल. शब्द तोंडात मिश्रीखाली.

तेव्हापासून वीस वर्षं, पहाटे, आम्ही दोघी त्या उंबऱ्यावर. त्यांची चाल तीच. मी एकदा विचारलं होतं, "कुठली ओवी ही आत्या?" त्यांनी थुंकून येऊन सांगितलं, "कुठली का असंना. चल, झाडून घे."

पायरीवर तळहात पुढं धरून मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. वाऱ्यानं तळहातावरची थोडी उडाली. ऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी हात डबीवर झाडला, झाकण घट्ट लावलं, फडक्यात गाठ मारली.

संध्याकाळी तातोबा रिकामा डबा न्यायला आले. डब्यावर कढत पाणी ओतून घ्यायचे ते. गाठ दिसली तसे थांबले.

"हे काय?"

"माघारी द्या त्यांना. म्हनावं, मला नको."

"नको?"

"नको."

"उद्याच्याला ठिवू का?"

"उद्याबी नको. त्यांच्यापाशी न्हाई तर त्यांना ऱ्हाऊ दे."

तातोबांचा चेहरा उपरण्यातही पडलेला दिसला. "वैनी, बरं वाटतंय न्हवं तुमाला?"

"बरं हाय की."

त्या दिवशी ते एकही बातमी न सांगता गेले. मला वाटलं, दमले असतील.

माझं चुकलं ते इथं. माणूस शिकलं, चार ठिकाणी प्रशिक्षणाला जाऊन आलं, की आपल्याच घराची बोली विसरतं. आमच्याकडे मिश्रीवाली म्हातारी आजारी पडली की तिला आधी पाणी विचारत नाहीत. मिश्री विचारतात. माझ्या आजेसासूबाईंनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं, चौथ्या दिवशी डोळे न उघडता तळहात पुढं केला, तर सगळं घर हसलं, "म्हातारी राहिली!" आणि पुढं दोन वर्षांनी त्यांच्या ओठाशी चिमूट नेली आणि त्यांनी मान फिरवली, तेव्हा आत्यांनी कुणाला काही न विचारता पितळेचा गडू घासायला घेतला, गंगेचं पाणी काढायला. मिश्री नको म्हणणं म्हणजे आमच्यात शेवटचा निरोप. मी तो तातोबांच्या हाती धाडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकावर कुणीतरी गज हलवत होतं.

"शालन! ए शालन! माजे बाई!"

मी खाटेवरून उठून बाहेर धावले. फाटकाला आत्या धरून उभ्या होत्या. डोईवरचा पदर खांद्यावर आलेला, पायात चप्पल नाही, तोंडाला मास्क नाही. आणि मुठीत पितळेचा तो गडू.

"आत्या! घराबाहेर कशा आलात? दारावर कागद हाय!"

"जळू दे तुजा कागद! पोरी, तोंड तरी दाखीव गं! कुनी न्हाई गं तुज्याजवळ! येवडी मोठी शाळा आन् माजी पोर एकली!"

आसपासची दारं उघडली. पाच महिने बंद असलेली दारं अशी पटापट उघडताना मी पहिल्यांदाच बघितली. पलीकडच्या माडीवर तिघी, पाराजवळ चौघे, आणि मागून धापा टाकत तातोबा. "म्हातारे, लांब हो! लांब हो तिथनं!"

"मला काही झालेलं न्हाई आत्या!"

"खोटं बोलू नगंस! ह्या तातोबानं सांगितलं. मिश्री नको म्हनली म्हन. उद्याबी नको म्हनली म्हन!" त्यांनी गडू कपाळावर मारला. "तुज्या आदी मी हाय की गं! माजा नंबर हाय आदी!"

आम्हा दोघींत सारं मैदान होतं. जवळ जाता येत नव्हतं, कानात सांगता येत नव्हतं. आणि गाव ऐकत होतं. दारोदार जाऊन मी ज्यांना तंबाखूचे तोटे वाचून दाखवले, ते सगळे.

मी मास्क खाली ओढला.

"मी मरत न्हाई आत्या!" मी ओरडले. "मी मिश्री सोडलीया! मिश्री! सोडली!"

माडीवरच्या तिघी कठड्यावरून पुढं वाकल्या.

माडीवरून कुणीतरी म्हणालं, "आशाबाई मिश्री लावती?"

"लावती व्हय!" मी तिकडंही ओरडले. "वीस वर्षं लावती! तोंडात पांढरा चट्टा उठलाय, म्हनून सोडली! ऐकलंसा समद्यांनी? जावा आता घरात!"

कुणी हसलं नाही. तातोबांनी उपरणं तोंडावर नीट ओढून घेतलं. त्यांच्या गालात काय होतं ते त्यांना आणि मला माहीत.

आत्यांचा हात गजावरून खाली आला. मग आपलं एक बोट त्यांनी आपल्याच गालात घातलं, आतून फिरवलं, आणि चेहरा असा केला की घरात काहीतरी हरवलेलं आत्ता आठवतंय.

"पांढरं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, तरी मला ऐकू आलं. "त्यानं काय हुतंय? मला तर लई वर्सं हाय."

मी वर्गात जाऊन दार लावून घेतलं. गावात साडेतीनशे उंबरे. प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून मी विचारलं होतं, ताप आहे का, खोकला आहे का, घास गिळताना दुखतं का. एकच उंबरा राहिला. त्यावर मी रोज बसत होते.

चौदा दिवसांनी सुटले त्या दिवशी मुल्लासिस्टर स्वतः घरी आल्या. आधी माझं तोंड बघितलं. "फिकट पडतंय," म्हणाल्या. मग आत्यांचं. बॅटरी बराच वेळ लागलेली राहिली.

"आजी, मिरजेला जावं लागेल. दवाखान्यात आता कोरोनाचीच गर्दी आहे, महिनाभरानं नंबर लागेल. तोवर मिश्री मात्र बंद."

"बंद?" आत्या म्हणाल्या.

"अगदी बंद."

"मग मी बसू कशी?"

सिस्टरना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारी काहीतरी बरळली. मलाही त्या क्षणी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उंबऱ्यावर जाऊन बसले. आत्या आल्या, शेजारी टेकल्या, आणि लगेच उठल्या. केरसुणी घेतली, अंगण झाडलं. पुन्हा टेकल्या, पुन्हा उठल्या, गोवऱ्या मोजून आल्या. तिसऱ्यांदा उठायला लागल्या तसं मी मनगट धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा की आत्या."

"आगं, हात मोकळं ठिवून बाईमानूस बसतं व्हय कुटं? कुनी बगितलं तर काय म्हनंल?"

"म्हनंल, बसल्यात."

"बसाय निमित्त लागतं शालन." आपल्या रिकाम्या तळहाताकडं त्या बघत होत्या. "मी सासरी आले तवा बारा वर्साची. पाटं चारला उटायचं ते रातीला आडवं व्हायचं. मदी टेकलं की सासू हाक मारायची. येक डाव बगितलं, थोरली जाऊ मिश्री लावत बसली हुती, तिला कुनी हाक मारंना. तोंडात मिश्री आसली की उत्तर देता येत न्हाई, म्हनून कुनी इचारत न्हाई. मग मीबी लावली." त्या थांबल्या. "कडू जहर हुती गं. कुनाला आवडती व्हय ती?"

समोरून शेवंताकाकू पाण्याला चालल्या होत्या. आम्हाला बघून थबकल्या. "काय करताय गं दोगी?"

आत्या चपापल्या. मी त्यांचं मनगट सोडलं नाही.

"बसलोय," मी म्हणाले.

काकू दोन पावलं गेल्या, वळून बघितलं, आणि कळशी खाली ठेवून त्याही जरा टेकल्या. मग उगाचच हसल्या आणि गेल्या.

तो महिना आम्हाला दोघींना जड गेला. आत्या चिडायच्या, रडायच्या, एकदा तर गोवरीची राख दातांना लावून बसल्या होत्या. मी बडीशेप भाजून निळ्या डबीत भरली. डबी तीच, म्हणून हाताला बरं वाटायचं. तलफ आली की मी म्हणायची, "दहा मिनिटं, आत्या." त्या म्हणायच्या, "तुजी धा मिंटं लई लांबडी गं." गावातल्या सात बाया एकेक करून हळूच माझ्याकडे आल्या, पदराआडून "आ" करून गेल्या. पुढं कुणी सोडली, कुणी नाही.

मिरजेला जायच्या आदल्या पहाटे आम्ही बसलो होतो. अजून झुंजूमुंजू व्हायचं होतं. आत्यांनी नेहमीची चाल धरली. आणि मग, तोंडात काहीच नसल्यामुळे असेल, ओठ आपोआप उघडले. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या चालीचे शब्द ऐकले.

*उंबऱ्यावर मी बसते, घटकाभर माझे बाई*
*घरात असून मला, घर हाक देत न्हाई*

मी मान खाली घातली. त्यांचं संपलं नव्हतं.

*सून माझी शालन बाई, बसे माझ्या शेजारी*
*तिचं माझं दुःख देवा, एका उंबऱ्याला भारी*

"आत्या," मी विचारलं, "ही कधी बांधली?"

"कवाची," त्या म्हणाल्या. "तुजी लेक गेली तवाची."

वीस वर्षं माझं नाव रोज पहाटे त्यांच्या तोंडात होतं. तोंड बंद होतं, एवढंच.

मिरजेला डॉक्टरांनी जबड्याचा डावा भाग काढला. जीभही थोडी. आत्या त्यानंतर अडीच वर्षं जगल्या, पेजेवर, लापशीवर. बोललेलं फक्त मला कळायचं. पहाटे उंबऱ्यावर मात्र येऊन बसायच्या, हात मोकळे ठेवून, अगदी ऐसपैस. चाल तीच. शब्द पुन्हा आत गेले होते, पण आता मला ते पाठ होते. त्या गुणगुणायच्या आणि मी म्हणायची.

माझं पांढरं गेलं. दर सहा महिन्यांनी सिस्टर बॅटरी लावून बघतात. तलफ अजून येते, खोटं कशाला सांगू? आत्यांची उंबऱ्यावरची जागा रिकामी दिसली की येते.

आज सकाळीही मी बसले होते. मालकांनी ट्रक सोडून दोन वर्षं झाली, आता ते घरीच असतात. चहासाठी त्यांनी आतून हाक मारली.

"शालन! आगं काय करतीस भायेर?"

मी तोंड उघडून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं,

"बसलीया."